दुधाचा दात धक्क्याने निखळला तर काय करावे

एप्रिल उजाडला की नागपुरात घरोघरी कूलर सुरू होतो, त्याच्या टाकीतून सांडलेले पाणी फरशीवर पसरते आणि नुकतेच धावू लागलेले मूल त्यावरून घसरून दिवाणाच्या कडेवर तोंडघशी पडते. पावसाळ्यात ओला जिना असतो, तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी ओढत पळणाऱ्या मुलांची गर्दी असते, आणि स्कूटरवर पुढे उभे केलेले मूल तर बारा महिने दिसते. अचानक ब्रेक लागला की त्याचे तोंड थेट हँडलवर आदळते. दोन-तीन वर्षांच्या मुलाला धावण्याची हौस दांडगी असते, पण तोल सावरण्याचे कौशल्य अजून पुरते आलेले नसते. म्हणून दुधाच्या दातांना मार लागण्याचे प्रकार या वयात अधिक दिसतात आणि तो मार बहुतेक वेळा वरच्या जबड्यातील पुढच्या दोन पटाशीच्या दातांना बसतो.

निखळलेला दात तळहातावर घेऊन पालक सर्वांत आधी विचारतात, की हा परत बसवता येईल का. दुधाच्या दाताच्या बाबतीत याचे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे आणि त्याची कारणे पुढे दिली आहेत. त्या घटकेला खरे महत्त्व दुसऱ्याच दोन प्रश्नांना असते: दात नेमका कुठे गेला आणि तो खरोखर दुधाचाच आहे का. या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की पुढचे बहुतेक निर्णय सोपे होतात, आणि ती न शोधता केलेली धावपळ कधी व्यर्थ जाते, तर कधी अपाय करते.

दाताआधी मूल

तोंडाला रक्तपुरवठा भरपूर असल्यामुळे लहानशा जखमेतूनही पुष्कळ रक्त येते, आणि ते लाळेत मिसळल्यावर असते त्याहून कितीतरी अधिक वाटते. त्या रक्ताकडे बघून घाबरण्याआधी मूल शुद्धीवर आहे का, नेहमीसारखे रडते आहे का, आईला किंवा आजीला ओळखते आहे का आणि हातपाय नीट हलवते आहे का, हे पाहावे. पडल्यावर मूल थोडा वेळ जरी बेशुद्ध झाले असेल, त्याला एकाहून अधिक वेळा उलटी झाली असेल, ते अवेळी पेंगत असेल, झटका आला असेल, नाकातून किंवा कानातून रक्त अथवा पाण्यासारखा द्रव येत असेल, किंवा दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसत असतील, तर दाताचा विचार बाजूला ठेवून मुलाला थेट रुग्णालयाच्या अपघात विभागात न्यावे. तोंड नीट उघडता किंवा मिटता येत नसेल, अथवा दातांवर दात पूर्वीसारखे बसत नसतील, तर जबड्याच्या हाडाला मार लागल्याची शंका घ्यावी. हनुवटीवर पडलेल्या मुलाच्या बाबतीत ही शंका विशेष घ्यावी लागते, कारण अस्थिभंग हनुवटीपासून दूर, कानाजवळच्या सांध्यापाशीही झालेला असू शकतो.

यांपैकी काहीच नसेल तर मुलाला मांडीवर बसवून किंचित पुढे वाकवावे, म्हणजे रक्त घशात न जाता बाहेर येईल. आडवे झोपवू नये. गिळलेल्या रक्ताने पोटात मळमळते, उलटी होते, आणि मग ती उलटी डोक्याच्या माराची की रक्ताची, असा नवाच पेच उभा राहतो. स्वच्छ सुती रुमालाची किंवा गॉजची घट्ट गुंडाळी करून, ती थंड पाण्यात भिजवून पिळून घ्यावी आणि दात गेलेल्या खाचेवर ठेवावी. मोठे मूल ती स्वतः दाताखाली धरून ठेवते. लहान मुलाच्या बाबतीत मोठ्या माणसाने अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत हिरडीसह ती धरून ठेवावी. घड्याळ लावून पूर्ण दहा मिनिटे हा दाब सोडू नये. दर मिनिटाला रुमाल उचलून 'थांबले का' हे पाहण्याचा मोह जवळजवळ प्रत्येकाला होतो, परंतु प्रत्येक वेळी नुकतीच धरू लागलेली गुठळी त्याबरोबर निघून येते आणि रक्त पुन्हा सुरू होते. दहा मिनिटे दाबूनही रक्त थांबत नसेल तर आणखी दहा मिनिटे दाबावे, आणि दवाखान्याकडे निघावे.

ओठ सुजला असेल तर बर्फाचा खडा कापडात गुंडाळून बाहेरून लावावा. बर्फ थेट त्वचेवर किंवा हिरडीवर घासू नये. खाचेत हळद, कॉफीपूड, चुना किंवा तुरटी भरू नये. घरातील ज्येष्ठांचा हेतू चांगलाच असतो, पण उघड्या खाचेत घातलेली पूड डॉक्टरांना नंतर धुऊन काढावी लागते आणि त्या वेळी मुलाला दुसऱ्यांदा दुखते. लवंगेचे तेल तर मुळीच लावू नये, कारण त्याने लहान मुलाची नाजूक त्वचा पोळते आणि ते पोटात गेल्यास विषबाधा होऊ शकते.

दात सापडलाच पाहिजे

या सूचनेकडे दुर्लक्ष होण्याची शक्यता सर्वांत अधिक असते. दुधाचा दात परत बसवायचाच नाही, तर तो शोधायचा कशाला, असे वाटणे साहजिक आहे. परंतु दात जमिनीवर सापडला नाही, तर तो तीन ठिकाणी असू शकतो: पोटात, श्वासनलिकेत, किंवा चक्क हिरडीच्या आत.

पोटात गेलेला दात सहसा काही दिवसांत शौचावाटे निघून जातो; त्यासाठी मुलाला उलटी करायला लावू नये. श्वासनलिकेत गेलेला दात मात्र धोक्याचा असतो. पडल्यानंतर एकाएकी खोकल्याची उबळ आली, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, आवाज बसला किंवा ओठ निळसर दिसू लागले, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मूल जोराने खोकत असेल तोवर त्याला खोकू द्यावे. खोकताही येत नसेल, रडण्याचा आवाजही फुटत नसेल, तर मुलाला पुढे वाकवून पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा द्याव्यात. एक वर्षावरील मुलाला त्यानंतर मागून कवेत घेऊन बेंबीच्या किंचित वर पाच वेळा आत आणि वरच्या दिशेने दाब द्यावा. एक वर्षाखालील बाळाच्या पोटावर दाब न देता छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी पाच वेळा दाबावे. मदत येईपर्यंत हे दोन्ही उपाय आलटून पालटून करत राहावेत, आणि मूल बेशुद्ध पडले तर १०८ वरून मिळतील त्या सूचनांप्रमाणे छाती दाबण्यास व तोंडाने श्वास देण्यास सुरुवात करावी. तोंडात बोट घालून न दिसणारी वस्तू चाचपडू नये, कारण त्यामुळे ती आणखी खोल जाते. खोकला लगेच थांबला तरी निश्चिंत होऊ नये. दात उजव्या किंवा डाव्या श्वासवाहिनीत जाऊन बसला की सुरुवातीची उबळ ओसरते, आणि काही दिवसांनी ताप व न्यूमोनियाच्या रूपाने तो पुन्हा प्रकट होतो. म्हणून दात सापडला नाही आणि मूल खोकले होते, एवढे जरी घडले असेल तरी छातीचा एक्स-रे काढावा की नाही हे डॉक्टरांना ठरवू द्यावे.

तिसरी शक्यता पालकांच्या कल्पनेतही येत नाही. वरून खाली न पडता दात उलट्या दिशेने, म्हणजे हिरडीत आणि हाडात दाबला जातो. बाहेर केवळ रक्ताळलेली खाच दिसते आणि सगळे घर फरशीवर दात शोधत बसते. अशा दाताचे टोक कधी हिरडीच्या पातळीला किंचित दिसते, कधी अजिबात दिसत नाही, आणि एक्स-रे काढल्यावरच तो आत असल्याचे कळते. आत गेलेला दुधाचा दात बहुधा तसाच ठेवतात, कारण तो सहा महिन्यांत, क्वचित वर्षभरात, आपला आपण पुन्हा खाली उतरतो. 'दात पडला' असे गृहीत धरून घरीच थांबलेल्या कुटुंबाला यातले काहीच कळण्याचा मार्ग नसतो.

दात तुटला असेल आणि ओठही फाटला असेल, तर तुटलेला तुकडा ओठात रुतलेला असू शकतो. सापडलेले तुकडे एकमेकांना जुळवून दात पूर्ण होतो का ते पाहावे आणि सारे तुकडे सोबत न्यावेत. घटनेची वेळ लिहून ठेवावी आणि मोबाइलवर तोंडाची दोन छायाचित्रे घ्यावीत. सूज चढल्यावर तोंड उघडून पाहणे अवघड होते, तेव्हा ही छायाचित्रे उपयोगी पडतात.

दुधाचा की पक्का?

पाच वर्षांखालील मुलाचा पुढचा दात पडला असेल तर तो दुधाचाच आहे असे मानण्यास हरकत नाही. सहा ते आठ या वयात मात्र तोंडात दोन्ही प्रकारचे दात एकत्र नांदतात. खालचे मधले पक्के दात साधारण सहाव्या-सातव्या वर्षी येतात, वरचे मधले सातव्या-आठव्या वर्षी, आणि वरच्या मधल्या दातांच्या शेजारचे आठव्या-नवव्या वर्षी. काही मुलांत यापेक्षा थोडे आधी किंवा नंतर. म्हणून पहिली-दुसरीतल्या मुलाचा दात निखळला की केवळ वयावरून निष्कर्ष काढू नये, दात निरखून पाहावा.

तळहातावर ठेवल्यावर फरक बराचसा कळतो. वरचा मधला दुधाचा दात सुमारे साडेसहा मिलिमीटर रुंद असतो आणि मुळासकट त्याची लांबी सोळा मिलिमीटरच्या आसपास भरते. त्याच जागेचा पक्का दात साडेआठ मिलिमीटर रुंद आणि मुळाची वाढ पूर्ण झाल्यावर तेवीस-चोवीस मिलिमीटर लांब असतो. दुधाचा दात दुधासारखाच पांढरा, तर पक्का किंचित पिवळसर असतो. पक्का दात नुकताच आलेला असेल तर त्याच्या चावण्याच्या कडेवर करवतीसारखे तीन बारीक उंचवटे दिसतात. दुधाच्या दाताची कड झिजून गुळगुळीत झालेली असते. आपोआप पडलेल्या दुधाच्या दाताला मूळ जवळजवळ उरलेलेच नसते आणि खालून तो पोकळ दिसतो, कारण खालून येणाऱ्या पक्क्या दाताने ते मूळ हळूहळू विरघळवलेले असते. धक्क्याने निखळलेल्या दाताला मात्र निमुळते लांब मूळ असते, आणि ते पाहून 'हा तर मुळासकट आला, म्हणजे पक्काच असणार' असा गैरसमज होतो. दुधाच्या दातालाही पूर्ण वाढलेले मूळ असते. ते विरघळण्याआधीच दात पडला, एवढाच त्याचा अर्थ.

दुधाचा दात परत का बसवायचा नाही

वरच्या पुढच्या दुधाच्या दाताच्या मुळाशी, टाळूच्या बाजूला, त्याच्या जागी येणाऱ्या पक्क्या दाताचा अंकुर हाडात वाढत असतो. दोहोंमध्ये अंतर फार थोडे असते. निखळलेला दात खाचेत पुन्हा ढकलला की मुळाचे टोक, त्याच्यासोबत गुठळी आणि तोंडातले जंतू, थेट त्या अंकुरावर दाबले जातात. शिवाय परत बसवलेल्या दाताचा रक्तपुरवठा तुटलेला असल्याने त्याच्या मुळाशी पू होण्याचा संभव असतो, आणि तो पूही अंकुराच्याच शेजारी साचतो. जो दात दोन-चार वर्षांनी जाणारच आहे, त्याच्यासाठी आयुष्यभर टिकणाऱ्या दाताला धोक्यात घालणे योग्य नाही. दंत-आघातशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक तत्त्वांतही निखळलेला दुधाचा दात पुन्हा बसवू नये असेच सांगितले आहे. कोणी परिचित किंवा औषधाच्या दुकानातील माणूस 'लवकर दाबून बसवा' असे सांगत असेल, तर तो सल्ला पक्क्या दातासाठीचा आहे आणि येथे लागू नाही, हे ध्यानात ठेवावे.

निखळलेला दात पक्का निघाला तर

या प्रसंगी सगळी सूत्रे उलटी होतात. पक्का दात शक्य तितक्या लवकर, खरे तर जागेवरच, परत बसवायचा असतो. त्याला मुळाकडून कधीही धरू नये. मुळावर चिकटलेल्या सूक्ष्म पेशी जिवंत राहिल्या तरच दात हाडाशी पुन्हा जुळतो आणि बोटाच्या घासण्याने त्या मरतात. तोंडात दिसणाऱ्या पांढऱ्या भागाने दात उचलावा. माती लागली असेल तर दुधाने किंवा सलाईनने, आणि ते नसेल तर नळाच्या थंड पाण्याखाली फार तर दहा सेकंद धुवावा. ब्रशने किंवा कापडाने घासू नये. मग शेजारच्या दाताकडे बघून पुढची बाजू पुढे येईल असा तो खाचेत हलकेच सरकवावा आणि मुलाला रुमाल चावून धरायला सांगावा.

मूल ऐकत नसेल, किंवा दात दुधाचा की पक्का याची खात्री होत नसेल, तर तो साध्या थंड दुधात बुडवून दंतवैद्याकडे न्यावा. साखर, हळद किंवा चॉकलेटची पूड घातलेले दूध चालणार नाही. नुसत्या पाण्यात ठेवल्यास पेशी फुगून फुटतात, म्हणून पाणी टाळावे. सुक्या कागदात किंवा खिशातल्या रुमालात गुंडाळलेला दात सुकतो. तासभर सुका राहिला की मुळावरच्या पेशी वाचण्याची आशा जवळजवळ संपते. बालवाडीतल्या आणि शाळेतल्या ताई-सर अगदी मनापासून काळजी घेऊन दात कागदाच्या पुडीत बांधून देतात, त्याऐवजी त्यांच्या हाताशी दुधाची लहान पिशवी असणे बरे. मे महिन्याच्या उन्हात बंद गाडीत ठेवलेले दूध काही वेळातच गरम होते. डबी कापडात गुंडाळलेल्या बर्फाजवळ ठेवून मांडीवर धरूनच न्यावी. पक्का दात निखळणे ही खरी घाई आहे: अर्ध्या तासात दंतवैद्य गाठता आला तर उत्तम.

नागपुरात कुठे जावे

दुधाचा दात पडला, तो पूर्ण सापडला, रक्त थांबले आणि मूल खेळू लागले, तर मध्यरात्री धावत सुटण्याची गरज नसते. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी दंतवैद्याला दाखवावे. शक्य असल्यास लहान मुलांच्या दातांचे तज्ज्ञ, म्हणजे बालदंतरोगतज्ज्ञ गाठावे. मेडिकल, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, याच्या परिसरात असलेल्या शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालयात बालदंतरोगांचा स्वतंत्र विभाग आहे. हिंगणा मार्गावर डिगडोह आणि वानाडोंगरी येथेही दंत महाविद्यालये आहेत, आणि त्या बाजूला राहणाऱ्यांना ती जवळची पडतात. जाण्याआधी बाह्यरुग्ण विभागाची वेळ दूरध्वनीवरून विचारून घ्यावी.

डोक्याला मार, श्वासाचा त्रास, न थांबणारे रक्त किंवा खोल फाटलेला ओठ असेल, तर आधी मेडिकल किंवा मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय) यांच्या अपघात विभागात, अथवा जवळच्या बालरुग्णालयात जावे. धंतोली आणि रामदासपेठ भागात अशी रुग्णालये जवळजवळ आहेत. मारबतीच्या दिवशी इतवारी आणि महाल भागातील रस्ते मिरवणुकीने भरलेले असतात आणि नेमका त्याच दिवशी तान्हा पोळा असतो, त्यामुळे त्या भागातील कुटुंबांनी ऑटो मिरवणुकीच्या रस्त्यावर घालण्याऐवजी बाहेरचा मार्ग धरावा.

निघताना दात, लसीकरणाचे कार्ड आणि मुलाला चालू असलेल्या औषधांची माहिती सोबत घ्यावी. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात धनुर्वातापासून संरक्षण देणारी लस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या वयात, नंतर १६ ते २४ महिन्यांत आणि पुन्हा पाच-सहा वर्षांच्या वयात दिली जाते. या मात्रा वेळेवर झाल्या असतील तर बहुधा वेगळ्या इंजेक्शनची गरज पडत नाही. जखमेत माती गेली असेल किंवा मात्रा चुकली असेल तर तसे डॉक्टरांना सांगावे. ओठाला टाके पडण्याची शक्यता दिसत असेल तर डॉक्टरांनी पाहीपर्यंत मुलाला खायला देऊ नये.

दवाखान्यात काय होते

तीन वर्षांखालील मुलाला दंतवैद्याच्या खुर्चीत एकटे बसवत नाहीत. पालक आणि डॉक्टर समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसतात. मूल पालकाकडे तोंड करून त्यांच्या मांडीवर असते आणि मग त्याला मागे झुकवून त्याचे डोके डॉक्टरांच्या मांडीवर टेकवतात. मुलाला आईचा किंवा बाबांचा चेहरा सतत दिसत राहतो, पालक त्याचे हात धरतात आणि डॉक्टरांना तोंड नीट दिसते. मूल रडतेच, आणि रडताना तोंड आपोआप उघडते. त्यामुळे 'रडू नको' म्हणून ओरडण्याचे कारण नाही. 'सुई टोचतील हं' अशी भीती घालण्याची आपल्याकडची सवय मात्र येथे फार महागात पडते, कारण या मुलाला पुढची काही वर्षे याच खुर्चीपाशी पुन्हा यायचे असते.

डॉक्टर घटना कशी, कुठे आणि किती वाजता घडली हे विचारतील, कधी तेच दोनदा विचारतील. लहान मुलांच्या जखमांबाबत ही नेहमीची पद्धत आहे. त्यात अपमान मानू नये आणि सासूबाईंसमोर अडचण नको म्हणून हकिकत बदलूनही सांगू नये. त्यानंतर खाच तपासून, शेजारचे दात हलतात का ते पाहून, एक्स-रे काढला जातो. त्यात दात आत तर नाही ना आणि मुळाचा तुकडा उरला आहे का, हे दिसते. केवळ दुधाचा दात निखळला म्हणून प्रतिजैविक देण्याची सहसा आवश्यकता नसते, त्यामुळे चिठ्ठीवर ते नसले तर आग्रह धरू नये.

घरी आल्यावर

वेदनेसाठी पॅरासिटामॉल पुरते. त्याची मात्रा मुलाच्या वयावर नव्हे तर वजनावर ठरते: प्रत्येक किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर, आणि चोवीस तासांत चारपेक्षा अधिक मात्रा नाहीत. येथे बाटलीवरचे लेबल वाचणे फार गरजेचे आहे, कारण आपल्याकडे हे सिरप वेगवेगळ्या तीव्रतेचे मिळते. एका बाटलीच्या ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम औषध असते, तर दुसरीच्या तेवढ्याच सिरपमध्ये २५० मिलिग्रॅम. बारा किलोच्या मुलाला पहिल्या बाटलीतील ५ मिलिलिटर योग्य आहे, दुसऱ्या बाटलीतील ५ मिलिलिटर प्रमाणाबाहेर आहे. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये.

पहिले काही दिवस वरण-भात, मऊ खिचडी, दहीभात, केळे असे खाणे द्यावे आणि ते फार गरम नसावे. तर्रीपोहे, चिवडा आणि पापड काही दिवस बाजूला ठेवावेत. संत्र्याच्या आंबटपणानेही जखम झोंबते, तेव्हा हंगाम असला तरी थोडा धीर धरावा. बाटली, चोखणी आणि अंगठा चोखणे थांबवता आल्यास चांगले, कारण चोखल्याने गुठळी हलते आणि शेजारच्या सैल दातांवर ताण येतो. दात घासणे बंद करू नये. जखमेच्या जागी मऊ ब्रशने किंवा कापसाच्या बोळ्याने हलकेच स्वच्छता करावी. डॉक्टरांनी सांगितले असेल तर अल्कोहोलविरहित ०.१२ टक्के क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचे द्रावण बोळ्याने दिवसातून दोनदा, आठवडाभर लावावे. लहान मुलाला चूळ भरून थुंकता येत नाही, ते गिळून टाकते, म्हणून द्रावण चूळ भरण्यासाठी देऊ नये.

दात उंदराच्या बिळाशी ठेवण्याची किंवा छपरावर टाकण्याची रीत पाळायची असेल तर खुशाल पाळावी, फक्त डॉक्टरांनी तो पाहून झाल्यावर.

हिरडीवर पुटकुळी येणे, पू, वाढती सूज, ताप किंवा दुर्गंधी दिसली तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता दाखवावे. मार बसलेला शेजारचा दात काही आठवड्यांत करडा पडला तर तेवढ्यावरून तो काढण्याची गरज नसते. रंग पुष्कळदा टिकून राहतो, कधी फिकटही होतो, आणि पुटकुळी आली तरच उपचार लागतात. नियमित तपासणीची पहिली भेट सहा ते आठ आठवड्यांनी असते.

फटीचे काय?

शेजारी आणि नातेवाईक हाच प्रश्न सर्वांत अधिक विचारतात. वरचे सुळे आलेले असतील, म्हणजे मूल साधारण दीड-पावणेदोन वर्षांपुढचे असेल, तर पुढच्या एका दाताच्या जाण्याने जागा आकसत नाही. दाढ गेल्यावर जागा राखणारी तार बसवावी लागते, तशी येथे सहसा लागत नाही. 'स', 'त', 'फ' असे उच्चार काही काळ बोबडे होतात, पण मूल जीभ कुठे लावायची हे स्वतःच शिकते. शोभेसाठी कृत्रिम दात बसवता येतो. तो बसवावा की नाही, हे मुलाला फटीचे काही वाटते का यावर ठरवावे. आत्याला वाईट वाटते म्हणून तीन वर्षांच्या मुलाच्या तोंडात तार बसवण्याचे कारण नाही.

लक्ष ठेवायचे ते खालून येणाऱ्या दातावर. निखळण्याच्या धक्क्यात अंकुराला इजा झाली असेल, तर पक्का दात पांढऱ्या किंवा पिवळसर-तपकिरी डागासह येऊ शकतो, त्याच्या आवरणात खळगा राहू शकतो, मूळ किंवा दाताचा माथा वाकडा होऊ शकतो, किंवा तो उशिरा उगवतो. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला मार बसला असेल तर ही शक्यता अधिक असते, कारण त्या वेळी दाताचे आवरण घडत असते. डाग आणि खळगे नंतर भरून काढता येतात, आणि दात उगवण्याआधी यावर करण्यासारखे काही नसते; म्हणून पालकांनी वर्षानुवर्षे चिंता वाहू नये, मात्र दुधाचा दात कोणत्या बाजूचा आणि कोणत्या महिन्यात गेला याची नोंद लसीकरणाच्या कार्डावरच लिहून ठेवावी. सहावे वर्ष लागल्यावर ती नोंद घेऊन पुन्हा दंतवैद्याकडे जावे. पुढे वरचा एक मधला पक्का दात पूर्ण उतरला आणि सहा महिने झाले तरी मार लागलेल्या बाजूचा दिसत नसेल, तर आणखी वाट न पाहता एक्स-रे काढून घ्यावा.